गाणं त्यांचं, शब्दांकन कुणाचं? डेव्हिड रिट्झ यांचं काम आणि आपले गायक

२०२५च्या एप्रिल महिन्यात ‘सिनर्स’ हा अमेरिकन चित्रपट प्रदर्शित झाला आणि आपल्यातल्या अनेक तरुणांनी तो पाहिला. १९३२ सालचं मिसिसिपी राज्य, कापसाची शेतं, वाट्याने शेती कसणारी कृष्णवर्णीय कुटुंबं आणि धर्मोपदेशक बापाच्या मनाविरुद्ध ब्लूज गाणारा एक कोवळा मुलगा, अशी ती गोष्ट आहे. दिग्दर्शक रायन कूगलर स्वतः कृष्णवर्णीय. पंचवीस वर्षांनी चित्रपटाची मालकी आपल्याकडे परत आली पाहिजे, अशी अट त्यांनी स्टुडिओशी करार करतानाच घालून घेतली. चित्रपटाइतकीच चर्चा या अटीचीही झाली.

शेवटी तो मुलगा म्हातारा झालेला दिसतो. ती भूमिका ८८ वर्षांच्या बडी गाय यांनी केली आहे. ते ब्लूजचे नामवंत गिटारवादक. १९३६ साली लुइझियानातल्या लेट्सवर्थ इथे वाटेकरी शेतकऱ्याच्या घरी जन्मले. खिडकीच्या जाळीतली तार काढून त्यांनी आपलं पहिलं वाद्य बनवलं आणि १९५७ साली शिकागोची गाडी पकडली. हे तपशील आज जगाला माहीत आहेत, कारण २०१२ साली त्यांचं आत्मचरित्र निघालं. त्या पुस्तकावर त्यांच्या नावासोबत आणखी एक नाव आहे, डेव्हिड रिट्झ.

आमचा आजचा लेख या दुसऱ्या नावाविषयी आहे. गाणाऱ्या समाजाची गोष्ट कागदावर कोण उतरवतं, कोणत्या अटींवर उतरवतं आणि त्याचा पैसा व मान कुणाकडे जातो, हा प्रश्न अमेरिकेत शंभर वर्षं चालला आहे. आपल्या वस्त्यांत तो आता दाराशी आला आहे, आणि आपल्याकडे वेळ कमी आहे.

एक टेपरेकॉर्डर आणि एक ब्रेल तार

डेव्हिड रिट्झ १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मले. साहित्याचं शिक्षण झालं, मग जाहिरात क्षेत्रात नोकरी केली. बोलताना ते अडखळतात, आणि आपल्या तोतरेपणाविषयी त्यांनी मोकळेपणाने सांगितलेलं आहे. कृष्णवर्णीयांच्या संगीताचं वेड मात्र लहानपणापासूनचं. त्यांना रे चार्ल्स यांच्यावर पुस्तक करायचं होतं. चार्ल्स यांच्याभोवतीची माणसं भेट होऊ देईनात. चार्ल्स दृष्टिहीन होते आणि ब्रेल वाचत. तारसेवेतून ब्रेल लिपीतली तार पाठवता येते, हे रिट्झ यांनी शोधून काढलं. मधल्या माणसाने वाचून न दाखवता थेट चार्ल्स यांच्या बोटांखाली जाईल, असा निरोप त्यांनी धाडला. भेट मिळाली. त्यातून १९७८ साली ‘ब्रदर रे’ हे आत्मचरित्र आलं.

पुढच्या चार दशकांत रिट्झ यांनी सोल आणि ब्लूजमधल्या मोठमोठ्या कलावंतांबरोबर पुस्तकं केली. स्मोकी रॉबिन्सन, एटा जेम्स, बी. बी. किंग, अरीथा फ्रँकलिन, नेव्हिल बंधू, बेटी लाव्हेट, बडी गाय ही त्यातली काही नावं. ब्लूज म्हणजे दक्षिणेतल्या शेतमजुरांचं, तुरुंगातल्या कैद्यांचं, रेल्वेच्या रुळांवर घाम गाळणाऱ्यांचं गाणं. चर्चमधल्या गॉस्पेलचा आवेग आणि ब्लूजचा ठेका एकत्र येऊन १९५०-६०च्या दशकांत जे उभं राहिलं, ते सोल.

रिट्झ यांच्या कामाला आपल्या मराठीत चांगला शब्द आहे: शब्दांकन. कलावंताशी तासन्‌तास बोलायचं, ते ध्वनिमुद्रित करायचं आणि मग त्याच्याच बोलीत, ‘मी’ म्हणून, सगळं कागदावर उतरवायचं. पुस्तकात रिट्झ कुठे दिसायला नकोत. चार्ल्स यांच्या पुस्तकात चार्ल्सच बोलले पाहिजेत, आणि एटा जेम्स यांच्या पुस्तकात एटा जेम्सच. हे काम सोपं वाटतं. ज्याने कधी आपल्या आजीचं बोलणं जसंच्या तसं लिहून काढायचा प्रयत्न केला असेल, त्याला ते किती अवघड आहे हे कळेल. लिहिता लिहिता आजीच्या तोंडी मास्तरची भाषा कधी येते, ते समजतही नाही.

या पुस्तकांत काय सापडतं

बाहेरून लिहिणाऱ्याला जे मिळालं नसतं, ते या पुस्तकांत मिळतं. रे चार्ल्स फ्लोरिडातल्या ग्रीनव्हिल या खेड्यात वाढले. धाकटा भाऊ कपडे धुण्याच्या टबात त्यांच्या डोळ्यांदेखत बुडाला. रे तेव्हा पाच वर्षांच्या आसपासचे होते. त्यानंतर दृष्टी जाऊ लागली आणि सातव्या वर्षापर्यंत गेली. आईने मात्र या मुलाला लाकडं फोडायला, पाणी आणायला लावलं. डोळे नसले तरी तुला तुझं करता आलं पाहिजे, हा तिचा हेका. हेरॉईनचं व्यसन, बायका, अटक, काहीही त्या पुस्तकात झाकलेलं नाही.

बी. बी. किंग यांची जन्मशताब्दी १६ सप्टेंबर २०२५ला झाली. मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात जन्मलेला हा माणूस मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. १९९६ साली रिट्झ यांच्यासोबत केलेल्या आत्मचरित्रात त्यांनी लहानपणची एक आठवण सांगितली आहे. कोर्टासमोर लटकवलेला एका कृष्णवर्णीय तरुणाचा मृतदेह त्यांनी पाहिला होता. तो राग त्यांनी साठ वर्षं आत ठेवला. हे वाचताना आपल्या वाचकाला कुठली गावं आठवतील, ते आम्ही सांगायला नको.

किंग यांचा दुसरा एक किस्सा ते वारंवार सांगत. रस्त्याच्या कोपऱ्यावर गिटार घेऊन ते देवाची गाणी म्हणत, तेव्हा लोक पाठ थोपटून पुढे जात. ब्लूज म्हटलं की हातावर नाणं पडे. म्हणून आपण ब्लूजकडे वळलो, असं ते हसत म्हणत. या हसण्यामागे एका मजुराचा हिशेब आहे. कला ही त्याच्यासाठी पोटाची गोष्ट होती, आणि हे सांगण्यात त्याला लाज वाटत नव्हती.

एटा जेम्स यांनी १९९५ सालच्या पुस्तकात पालक बापाने मारून, मध्यरात्री झोपेतून उठवून दारुड्या मित्रांसमोर गायला लावल्याचं सांगितलं आहे. गाण्यावर जीव टाकणारी ही बाई आयुष्यभर कुणी ‘गा’ म्हणून हुकूम केला की का चिडायची, ते तिथे उमगतं.

अशा गोष्टी कुणी पत्रकार परिषदेत सांगत नाही. समोरचा माणूस ऐकायला बसला आहे, घाईत नाही, आपल्याला तपासत नाही, अशी खात्री पटल्यावरच त्या बाहेर येतात.

रेकॉर्ड विकली, पैसा कुठे गेला?

पण नुसत्या हळव्या आठवणींसाठी ही पुस्तकं वाचू नयेत. त्यांत संगीताच्या धंद्याचं अर्थकारण आहे.

कृष्णवर्णीयांच्या रेकॉर्डना अमेरिकन बाजारात अनेक वर्षं ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणत. वंशाच्या नावाने वेगळी काढलेली यादी. १९४९ साली ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाने ते नाव बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ केलं. तो शब्द सुचवणारे जेरी वेक्सलर पुढे मोठे निर्माते झाले. त्यांचंही आत्मचरित्र रिट्झ यांनीच शब्दबद्ध केलं. यादीचं नाव बदललं, पैशाची वाट बदलली नाही. १९५५ साली किशोरवयीन एटा जेम्स यांचं पहिलं गाजलेलं गाणं आलं. त्याचीच सोवळी आवृत्ती जॉर्जिया गिब्स या गोऱ्या गायिकेने गायली आणि ती देशाच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. तेच गाणं, पण गोऱ्या घरातल्या रेडिओवर शिरायला गोरा गळा लागला.

रूथ ब्राउन यांच्या गाण्यांवर एक अख्खी रेकॉर्ड कंपनी उभी राहिली असं तिथे म्हटलं जातं. पुढे याच रूथ ब्राउन यांनी पोटासाठी घरकाम केलं, बस चालवली. रॉयल्टीसाठी त्या वर्षानुवर्षं भांडल्या. त्या लढ्यातून १९८८ साली ‘ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन’ उभं राहिलं, आणि फसवल्या गेलेल्या इतर वृद्ध कलावंतांनाही आधार मिळाला. विली डिक्सन यांनी शिकागोच्या ब्लूजची कित्येक गाणी लिहिली. आपल्या गाण्यावरून घेतलेल्या एका जगप्रसिद्ध रॉक गाण्यासाठी त्यांनी १९८५ साली दावा लावला आणि तडजोडीत हक्क मिळवला. त्यांनी ‘ब्लूज हेवन’ ही संस्थाही काढली, जुन्या कलावंतांना त्यांचे हक्क समजावून देण्यासाठी.

या सगळ्यांत रे चार्ल्स वेगळे उठून दिसतात. नव्या कंपनीशी करार करताना १९५९-६०च्या सुमारास त्यांनी आपल्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी स्वतःकडे येईल, असं कलम घालून घेतलं. त्या काळात गोऱ्या गायकांनाही असं कलम क्वचितच मिळे. कूगलर यांनी २५ वर्षांनी मालकी परत घेण्याची अट घातली, तिची मुळं इथे आहेत. डोळ्यांनी न दिसणाऱ्या माणसाने कागद नीट वाचून घेतला होता.

लेखकही भांडला, गायिकाही भांडली

रिट्झ यांना संत ठरवायचा आमचा हेतू नाही. त्यांच्या कारकिर्दीतली दोन भांडणं आपल्याला जास्त शिकवतात.

पहिलं मार्विन गे यांच्याशी. १९८२ साली गे बेल्जियममधल्या ऑस्टेंड या किनाऱ्यावरच्या गावात राहत होते. कर्ज, व्यसन, मोडलेली लग्नं. रिट्झ त्यांच्यावर पुस्तक करत होते आणि तिथे गेले. तिथेच ‘सेक्शुअल हीलिंग’ हे गाणं जन्मलं, आणि त्याने गे यांना पहिला ग्रॅमी पुरस्कार मिळवून दिला. शब्दांत आपला वाटा आहे, असं रिट्झ यांचं म्हणणं होतं. अल्बमवर मात्र शीर्षक सुचवल्याबद्दल फक्त आभार होते. रिट्झ न्यायालयात गेले. १ एप्रिल १९८४ रोजी गे यांच्या वडिलांनीच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. गे यांच्या मृत्यूनंतर न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि रिट्झ यांचं नाव गीतकारांत आलं. आत्मचरित्र म्हणून सुरू झालेलं काम १९८५ साली ‘डिव्हायडेड सोल’ हे चरित्र म्हणून निघालं. दोन मित्रांत लेखी काही नव्हतं. शेवटी मैत्री राहिली नाही आणि समेट करायला एक जण जिवंत राहिला नाही.

दुसरं भांडण अरीथा फ्रँकलिन यांच्याशी. १९९९ साली दोघांनी मिळून त्यांचं आत्मचरित्र केलं. काय सांगायचं आणि काय नाही, हे अरीथा यांनी ठरवलं. दुःखाची, अपमानाची पानं त्यात जवळजवळ नाहीत. रिट्झ यांना ते पुस्तक अपुरं वाटत राहिलं. अनेक वर्षांत अरीथा यांची भावंडं, नातेवाईक, निर्माते यांच्याशी झालेल्या बोलण्यावरून त्यांनी २०१४ साली ‘रिस्पेक्ट’ हे स्वतंत्र चरित्र लिहिलं. अरीथा यांनी ते पुस्तक खोटारडं आणि हलक्या दर्जाचं असल्याचं जाहीर निवेदन काढलं. चार वर्षांनी, २०१८ साली, त्या गेल्या.

कोण बरोबर? आमच्यातही यावर एकमत नाही. सार्वजनिक माणसाचं खरं चरित्र व्हायला हवं, असं काहींचं म्हणणं. ते चूक नाही. पण ज्या बाईचं शरीर, आवाज, बालपण यांवर जगाने आयुष्यभर हक्क सांगितला, तिला चार गोष्टींवर गप्प राहण्याचाही हक्क असतो. दुखणं सांगितलं तरच कलावंत प्रामाणिक, ही अट नेहमी दबलेल्यांनाच का घातली जाते? आपल्या दलित आत्मकथनांनाही वाचकांनी हीच अट घातली. अजून भूक सांगा, अजून मार सांगा. आनंदाबद्दल बोललात की तुमचं लेखन त्यांना खोटं वाटू लागतं.

आणि मुळातला प्रश्न. कृष्णवर्णीयांची गोष्ट गोऱ्या माणसाच्या हातून का यावी? अमेरिकेत हा प्रश्न जुना आहे. फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ सालच्या आत्मकथेच्या मुखपृष्ठावर ती त्यांनी स्वतः लिहिल्याचं मुद्दाम छापावं लागलं, आणि पुढे गोऱ्या संपादकाची प्रस्तावना जोडावी लागली. हॅरिएट जेकब्ज यांच्या १८६१ सालच्या पुस्तकावरही ‘स्वतः लिहिलेलं’ असं होतं. तरी शतकाहून अधिक काळ ते दुसऱ्याच कुणाचं असावं, असा संशय घेतला गेला. १९८०च्या दशकातल्या संशोधनाने ते त्यांचंच असल्याचं सिद्ध केलं. गुलामीतून आलेली बाई असं लिहू शकते, हेच पटत नव्हतं. उलट, माल्कम एक्स यांचं १९६५ सालचं आत्मचरित्र ॲलेक्स हॅली या कृष्णवर्णीय पत्रकाराने शब्दबद्ध केलं. तिथेही दोघांची मतं जुळत नव्हती. म्हणजे शब्दांकन करणारा आपला असला की प्रश्न संपतो, असंही नाही. आपल्या माणसाबरोबरही करार लागतोच.

आपल्याकडे १९७८, १९८९ आणि २००४

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांशी आपलं नातं ओढूनताणून जोडलेलं नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, हार्लेमच्या शेजारी. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने नावच ब्लॅक पँथरकडून घेतलं.

‘ब्रदर रे’ आलं त्याच १९७८ साली दया पवारांचं ‘बलुतं’ आलं. आपल्या माणसाने स्वतः लिहिलं. कुणी ब्रेल तार पाठवायची वाट पाहिली नाही. १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ आलं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या घरी जाऊन, त्यांना बोलतं करून या दोघींनी तो इतिहास मिळवला. तो कुणा विद्यापीठाच्या दप्तरात नव्हता. म्हाताऱ्या बायांच्या आठवणीत होता, आणि त्या बाया एकेक करून जात होत्या. आपल्याकडचं शब्दांकनाचं सर्वांत चांगलं उदाहरण आम्हाला हेच वाटतं. ऐकणाऱ्या बाया त्याच चळवळीतल्या, आणि सांगणाऱ्या बायांची नावं पुस्तकात ठळक.

गायकांच्या बाबतीत मात्र आपण मागे पडलो. २००४ साली जूनमध्ये रे चार्ल्स गेले, तेव्हा त्यांचं आयुष्य त्यांच्याच शब्दांत सव्वीस वर्षं छापलेलं होतं. त्याच वर्षी मे महिन्यात वामनदादा कर्डक गेले, आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. २०१०च्या नोव्हेंबरात विठ्ठल उमप नागपुरात दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले. या मोठ्यांवर पुस्तकं निघाली, प्रबंध झाले, हे खरं. पण त्यांच्या मागे पेटी वाजवणारा कोण होता? ढोलकीवर कोण होतं? झील कोण धरायचं? सुपारी किती मिळायची, आणि त्यातले किती वाटेखर्चात जायचे? कॅसेटच्या काळात एकरकमी बिदागी घेऊन गायलेलं गाणं पुढे किती विकलं गेलं, हे गाणाऱ्याला कधी कळलं का?

भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलशांवर स्वतः पुस्तक लिहिलं, म्हणून जलशांची आतली रचना आपल्याला थोडीफार माहीत आहे. विलास घोगरेंनी १९९७ साली रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर आत्महत्या केली. त्यांचा आवाज आणि त्यांच्या वस्तीची गोष्ट आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये राहिली. त्या चित्रपटाला चौदा वर्षं लागली. हे काम वेळ मागतं.

आमच्याकडून काय चुकलं

इथे आम्हाला आमचीही गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्यातले दोघे एका जुन्या गायकाकडे गेले होते. गायन पार्टी घेऊन चाळीस वर्षं गावोगाव हिंडलेला माणूस. ट्रंकेतून त्यांनी गाण्यांच्या वह्या काढल्या, दोन तास बोलले, चार गाणी म्हटली. आम्ही मोबाईलवर सगळं घेतलं. त्यातला चाळीस सेकंदांचा तुकडा समाजमाध्यमावर टाकला. भरपूर लोकांनी पाहिला. गाणं कुणी लिहिलं ते आम्ही विचारलंच नव्हतं. ढोलकीवर त्यांचा भाचा होता, त्याचं नाव टाकायचं राहिलं.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या मुलीने विचारलं, “दादा, बाबांचं ते पूर्ण रेकॉर्डिंग द्याल का? त्यांचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही.” तोवर तो मोबाईल बदलला होता. दोन तासांतले चाळीस सेकंद उरले होते.

कुणी कंपनी नव्हती, कुणी गोरा माणूस नव्हता, कुणी सवर्ण संशोधक नव्हता. आम्हीच होतो, ‘जयभीम’ म्हणत घरात शिरलेलो.

आता आवाजाचीही नक्कल

हा प्रश्न आज तातडीचा झाला आहे, कारण आवाजाची नक्कल आता यंत्र करतं. काही मिनिटांचं ध्वनिमुद्रण हातात असलं की मेलेल्या गायकाच्या गळ्यातून नवं गाणं काढता येतं. २०२४ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने कलावंताच्या आवाजाला संरक्षण देणारा कायदा केला. बी. बी. किंग जिथे घडले ते मेम्फिस शहर याच राज्यातलं. त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने नक्कल करणाऱ्यांना मनाई केली.

अरिजित सिंग न्यायालयात जाऊ शकतात. चाळीस वर्षं गायन पार्टी चालवलेल्या माणसाची विधवा जाऊ शकेल का? उद्या कुणी त्यांच्या आवाजात जयंतीचं गाणं बनवलं, किंवा एखाद्या पक्षाने त्या आवाजात प्रचार केला, तर हा आवाज आमच्या माणसाचा आहे, हे सिद्ध करायला घरात काय आहे? वही, फोटो, एखादी कॅसेट. तारीख नाही, करार नाही, पूर्ण ध्वनिमुद्रण नाही.

कायद्याने काही हत्यारं दिली आहेत. भारताच्या १९५७ सालच्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला स्वतःचा हक्क आहे, आणि तो सादरीकरणापासून ५० वर्षं टिकतो. गीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं वारसांकडे राहतो. हक्क दुसऱ्याला देण्याचा करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. दोघांनी मिळून केलेल्या लेखनाला संयुक्त कर्तृत्व म्हणून मान्यता आहे. पण नुसतं ऐकून लिहिलं आणि आधी काही ठरवलं नाही, तर कागदावरच्या शब्दांचा मालक लिहिणारा ठरण्याचीच शक्यता जास्त. म्हणून सांगणाऱ्याचं नाव आणि वाटा आधीच लिहून ठेवायचा.

काय करायचं

पुढच्या जयंतीपर्यंत प्रत्येक विहारातल्या तरुणांनी आपल्या भागातल्या एका वृद्ध गायकाकडे, गायिकेकडे किंवा वादकाकडे जावं, असं आम्हाला वाटतं. जाताना पुढच्या गोष्टी पाळाव्यात. या सगळ्या आम्ही आमच्या चुकीतून आणि वर सांगितलेल्या माणसांच्या भांडणांतून शिकलो.

एक, बोलणं सुरू करण्याआधी एका पानावर साध्या मराठीत लिहून घ्यावं: हे कशासाठी घेतो, कुठे वापरणार, पैसे आले तर कुणाचे किती, छापायच्या आधी कुणाची संमती. त्यांना वाचता येत नसेल तर घरातल्या माणसासमोर वाचून दाखवावं. मैत्री आहे म्हणून कागद नको, असं म्हणू नये. गे आणि रिट्झही मित्रच होते.

दोन, पूर्ण ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्याच आठवड्यात कुटुंबाला द्यावी, आणि आणखी दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. वह्या घरातून उचलून आणू नयेत. तिथेच बसून पानांचे फोटो काढावेत.

तीन, प्रत्येक गाण्याचा कवी, चाल, वादक, झीलकरी, गाव, साल विचारावं. आठवत नसेल तर तसं लिहावं. अंदाजाने नाव टाकू नये.

चार, बोली सुधारू नये. विदर्भातली बाई विदर्भातलंच बोलेल, मराठवाड्यातला माणूस मराठवाड्यातलंच.

पाच, जे सांगायचं नाही म्हणतील ते छापू नये. तो भाग बंद ठेवावा, किंवा त्यांनी सांगितलं तर त्यांच्यासमोर पुसून टाकावा.

सहा, पुस्तक, लेख, व्हिडिओ काहीही झालं तरी सांगणाऱ्याचं नाव आधी आणि मोठं. ऐकणाऱ्याचं नाव खाली, पण असावंच. कारण ऐकलं कुणी, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

हा शेवटचा मुद्दा आपल्या परंपरेलाही जवळचा आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या संगीतीत आनंदाने उपदेश सांगितला, तेव्हा आपण हे ऐकलं आहे, असं आधी सांगितलं, अशी परंपरा मानते. शब्द दुसऱ्याचे, ऐकणारा मी. या एका वाक्यात उपदेशावर मालकी सांगितलेली नाही, पण ऐकल्याची जबाबदारी घेतलेली आहे.

रिट्झ यांनी चाळीस वर्षं ती जबाबदारी घेतली, कधी चांगली निभावली, कधी त्यावरून भांडण ओढवून घेतलं. त्यांच्या पुस्तकांमुळे बी. बी. किंग गेल्यावरही त्यांच्या आठवणी त्यांच्याच ‘मी’मधून आपल्यापर्यंत पोचतात. आपल्या वस्तीतल्या गायकाचा ‘मी’ अजून त्यांच्याजवळच आहे. ते सत्तरीत आहेत, ऐंशीत आहेत. रात्री खोकला येतो म्हणून झोप नाही, आणि कुणी आलं तर बोलायला तयार आहेत.

या रविवारी विहारातून बाहेर पडल्यावर घरी जाण्याआधी त्यांच्याकडे जा. मोबाईल चार्ज करून न्या, आणि सोबत एक कोरा कागद.